गच्चीवरचे चार फ्लडलाइट आणि म्हातारीची बाज

पत्र (थोडं आटोपतं करून):

ताई, नमस्कार. मी ६९ वर्षांचा. सगळं आयुष्य दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेत गेलं. दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि मुलानं मला नाशिकला, पाथर्डी फाट्याला आपल्या फ्लॅटवर आणलं. गावाकडे मला घड्याळ लागत नसे. थंडीत मृग मावळतीकडे कलला आणि म्हातारीची बाज, म्हणजे सप्तर्षी, वर आली की समजायचं, उठायची वेळ झाली. गेल्या रविवारी नऊ वर्षांच्या नातीला पहाटे पाचला उठवून ही बाज दाखवायला गच्चीवर नेलं. गच्चीच्या चारही कोपऱ्यांत मोठे फ्लडलाइट आहेत, रात्रभर चालू असतात. बाजेचा एक खूरसुद्धा दिसेना. नात म्हणाली, "आबा, तुमच्या गावाचं आकाश वेगळं असतं का?" मला ते फार लागलं. त्याच रात्री अकराला मी वरच्या जिन्यातल्या बोर्डावरून चारही दिवे बंद केले. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब. चेअरमन मुलाला चार लोकांत बोलले. सूनबाई आधीच वैतागलेली, कारण घरात मी तिच्या मागे दिवे-पंखे बंद करत फिरतो. वीज वाचवावी आणि रात्रीला रात्र राहू द्यावी, एवढंच माझं म्हणणं. माझं चुकलं का? की इथं राहायचं तर आकाश विसरायचं?
— एक आबा, पाथर्डी फाटा

उत्तर:

आबा, सप्रेम नमस्कार.

आधी टोचणारं सांगून टाकते. दिवे कुणाला न विचारता बंद केलेत, ते चुकलं. टाकीचा व्हॉल्व्ह बघायला वॉचमन रात्रीबेरात्री वर चढतो, एखादा मुलगा फोनवर बोलायला आलेला असतो. उजेडातून एकदम अंधारात आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं धड दिसत नाही, आणि गच्चीवर पायात येणारे पाइप असतात. कुणी अडखळून पडलं असतं तर तुमच्याच जिवाला घोर लागला असता. शिवाय तुमचं म्हणणं लोकांच्या कानावर जाण्याआधीच त्यावर 'आबांचा हट्ट' असा शिक्का बसला. तेव्हा मुलाला मध्ये न घालता स्वतः चेअरमनांकडे जा. "विचारायला हवं होतं, विचारलं नाही," एवढं सरळ म्हणा. जास्त काही नको. चार लोकांत मुलाला ऐकून घ्यावं लागलंय, ते त्याच्या मनातून उतरायला एवढं पुरेल.

पण तुम्ही जे मागताय ते अगदी रास्त आहे. आणि ते मिळू शकतं.

त्याआधी घरातलं. इथं मी सूनबाईच्या बाजूची आहे. माझ्या सासऱ्यांनाही हीच सवय होती. मी खोलीत वाचत बसलेली असताना ते बाहेर जाता जाता दिवा बंद करायचे. ते वीज वाचवतायत हे मला कळायचं, पण मी तिथं बसलेय हेच त्यांना दिसत नाही असं वाटून डोळ्यांत पाणी यायचं. तुमच्या सुनेचंही कदाचित असंच होत असेल. आणि हिशोब बघाल तर या फिरण्यातून हाती काही लागत नाही. तुम्ही दिवे बंद करायला शिकलात तेव्हा घरात ६० नाहीतर १०० वॅटचा पिवळा बल्ब असे. आजचा एलईडी ९ वॅटचा. एका युनिटमध्ये तो १११ तास जळतो. सूनबाई स्वयंपाकघरातला दिवा रोज दोन तास विसरली, तरी महिन्याचं जेमतेम अर्धं युनिट होतं. उलट २००० वॅटचा गिझर अर्धा तास पाणी तापवत राहिला की त्या एका सकाळीच एक युनिट गेलं. छताला जुना ७५ वॅटचा पंखा असेल आणि तो रात्रभर चालत असेल, तर त्याच्या जागी ३० वॅटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा घेतल्यानं निम्म्याहून जास्त वीज वाचेल. बिल घेऊन एकदा मुला-सुनेसोबत बसा. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो, १०० युनिटांनंतर दर चढतो आणि ३०० नंतर आणखी चढतो, तेही दिसेल. कुठं कात्री लावायची ते तिलाच ठरवू द्या, घर ती चालवते. तुम्ही मात्र तिच्या मागचं बटण उद्यापासून सोडा.

गच्चीचं गणित वेगळं आहे. तुमचे फ्लडलाइट किती वॅटचे ते पत्रात नाही. दिव्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, दिवसा बघून घ्या. १०० वॅटचे धरले तर चार मिळून ४०० वॅट. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ३.२ युनिटं, म्हणजे महिन्याला ९६. या वेळात गच्चीवर चिटपाखरू नसतं. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावरच निघते. नाशिकरोडजवळ एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र तुम्ही पाहिलं असेल, २१० मेगावॅटचे तीन संच आहेत तिथं. आपल्या बटणामागची वीज नेमकी तिथलीच असते असं नाही, ग्रिडमध्ये सगळी मिसळते. पण कोळशावर एक युनिट काढायला अर्धा किलोहून जास्त कोळसा जाळावा लागतो, मग तो कुठल्याही केंद्रात जळो. म्हणजे डीएपी खताची ५० किलोची गोणी असते ना, तेवढा कोळसा दर महिन्याला, फक्त रिकाम्या गच्चीवर उजेड पाडायला.

तरीही सभेत पैशांचा मुद्दा फार ताणू नका, असं मी सांगेन. ९६ युनिटं चोवीस घरांत वाटली तर घरामागे चार येतात. कुणीतरी लगेच म्हणेल, "एवढ्यासाठी अंधारात राहायचं?" आणि तुम्ही गप्प व्हाल. तुम्हाला खरं जे दुखतंय ते युनिटांत मोजता येत नाही. नातीला बाज दिसली नाही, तेच बोला.

ती का दिसली नाही, हे सांगता यायला हवं. फ्लडलाइट तिरका लावला की त्याचा बराच उजेड जमिनीवर न पडता आडवा आणि वर जातो. हवेतल्या धुळीवर, बाष्पावर आपटून तो पसरतो आणि आकाशाला पांढुरकी साय धरते. चांदण्या असतात तिथंच, पण त्या सायीखाली बुडतात. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो आणि निळा हवेत जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणानं. त्यामुळे पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा हा पांढराशुभ्र दिवा आकाशाला जास्त बाधतो. त्यात एलईडी स्वस्त झाले, वीज कमी खातात, म्हणून जिथं एक पुरला असता तिथं आपण चार लावले.

हे फक्त पाथर्डी फाट्याचं नाही. २०१६ साली शास्त्रज्ञांनी जगाच्या रात्रीच्या आकाशाचा नकाशा केला. जगातली ८० टक्क्यांहून जास्त माणसं उजेडानं गढूळ झालेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांश लोकांना घरून आकाशगंगा दिसत नाही, असं त्यातून निघालं. पुढे २०२३ मध्ये दुसरा अभ्यास आला. त्यासाठी जगभरातल्या हजारो साध्या माणसांनी आपापल्या अंगणातून आकाश बघून काय दिसतं ते कळवलं होतं. २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजाळा वर्षाला जवळपास १० टक्क्यांनी वाढत गेला. त्या अभ्यासकांनी दिलेलं उदाहरण मला विसरता येत नाही: जिथं आज २५० चांदण्या दिसतात तिथं जन्मलेलं मूल अठरा वर्षांचं होईल तेव्हा त्याला जेमतेम १०० दिसतील. तुमची नात त्या वाटेवर निम्मी पुढे आली आहे, आबा. तुमच्या गावाचं आकाश वेगळं असतं का, हा तिचा प्रश्न म्हणूनच मला हसण्यावारी नेता येत नाही.

मी पंचवटीत वाढले. लोडशेडिंगच्या काळात संध्याकाळी वीज गेली की अख्खी गल्ली गच्चीवर यायची. डास, उकाडा, परीक्षेचं टेन्शन, सगळं होतं, आणि ते दिवस परत यावेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण चटईवर आडवं पडून आजी म्हातारीच्या बाजेची गोष्ट सांगायची. चार चांदण्यांची बाज आणि ती चोरायला आलेले तीन चोर. सप्तर्षी हे नाव मला शाळेत गेल्यावर कळलं. मधल्या चोराशेजारची बारीक चांदणी म्हणजे वसिष्ठाजवळची अरुंधती, ती ज्याला दिसली त्याचे डोळे चांगले, असं आजी म्हणायची. नऊ वर्षांच्या मुलीला ही गोष्ट सांगणारं घरात कोणी आहे, हे तुमच्या सुनेलाही मोलाचं वाटेल. तिला फक्त ते कधी सांगितलं गेलेलं नाही.

आता सभेत पहिला प्रश्न येईल तो सुरक्षेचा. तो खोटा नाही, त्याला मान द्या. तुम्ही अंधार मागताय असं लोकांना वाटलं की संपलं. उजेड जिथं लागतो तिथं, लागतो तेवढा आणि लागतो तेव्हा असावा, हे तुमचं म्हणणं आहे. गेट, पार्किंग, जिना, लिफ्टसमोरची जागा इथले दिवे राहू देत. आपल्या नाशिकला बिबट्या वस्तीत शिरतो, त्यामुळे कंपाउंडच्या कडेला उजेड हवा असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका. तिथं हालचाल झाली की पेटणारा सेन्सरचा दिवा सुचवा. रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे कोणी बघत नाही, अचानक पेटलेल्या दिव्याकडे वॉचमन हमखास बघतो. आणि कचरा उघडा राहू देऊ नका, कारण बिबट्या कुत्र्यांमागे येतो आणि कुत्री कचऱ्यामागे. दिवे कमी केले की चोऱ्या वाढतात, असं कोणी ठामपणे म्हणालं तर त्यांना सांगा: इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या हद्दीत रस्त्यावरचे दिवे मंद केल्यानं किंवा रात्री काही तास बंद ठेवल्यानं गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात मिळाला नाही. आपलं शहर वेगळं, हे खरंच. पण 'उजेड म्हणजे सुरक्षा' हे समीकरण इतकं सरळ नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

याहून चांगला पुरावा तुमच्या गच्चीवरच आहे. एका रात्री चेअरमनांना वर न्या. फ्लडलाइटच्या मागच्या कोपऱ्यात वॉचमनला उभं करा आणि समोरून बघा. दिव्याच्या झगमगाटात डोळे दिपतात, मागचा माणूस दिसत नाही. आता हात पुढे करून तळव्यानं तो दिवा झाका. वॉचमन लगेच दिसतो, शर्टाच्या रंगासकट. हात काढला की पुन्हा गायब. मी हे आमच्या सेक्रेटरींना दाखवलं तेव्हा त्यांनी स्वतः तीनदा हात वर-खाली करून पाहिलं.

त्यानंतर आमच्याकडे जे झालं ते फारच साधं होतं. फ्लडलाइट यू आकाराच्या पट्टीवर बसवलेला असतो आणि पट्टीला दोन्ही बाजूंनी एकेक नट असतो. इलेक्ट्रिशियननं पाना लावून दोन्ही नट सैल केले, दिव्याची काच जमिनीला समांतर होईल असा दिवा खाली वळवला आणि नट पुन्हा आवळले. एका दिव्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या बाईंनी विचारलं, "तुमचा दिवा गेला का हो?" त्यांच्या बेडरूमच्या भिंतीवर रात्रभर पडणारा उजेड गेला होता. काळजीनं विचारत होत्या, पण चेहरा झोप झालेल्या माणसाचा होता. पुढच्या वेळी दिवे बदलायची वेळ आली तेव्हा आम्ही पिवळसर घेतले. खोक्यावर उजेडाचा रंग सांगणारा ३००० के (केल्विन) किंवा त्याहून कमी आकडा बघायचा, ६५०० के म्हणजे पांढराशुभ्र. आणि कॉमन मीटरजवळ एक टायमर बसवला. तिन्हीसांजेला दिवे लागतात, दहाला मालवतात. दिवेलागणीला घर उजळलेलं असावं असं म्हणणारी मंडळी तुमच्याकडेही असतील, त्यांचंही मन राहतं.

लोक म्हणतील, हे कुठलं नवीन खूळ. त्यांना पेंचचं नाव सांगा. आपल्या विदर्भातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. काळोख जपला म्हणून. त्याआधी लडाखमध्ये हानलेला, तिथल्या वेधशाळेच्या परिसरात, 'डार्क स्काय रिझर्व्ह' या वेगळ्या नावानं असंच संरक्षण मिळालं. आणि नांदूर मध्यमेश्वर तर आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथं हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांपैकी कितीतरी रात्रीचा प्रवास करतात आणि शहरांचा उजेड त्यांना वाट चुकवतो. रस्त्यावरच्या दिव्यांचं मात्र सोसायटीच्या सभेत काढू नका, तो विषय महापालिकेच्या विद्युत विभागाचा. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात कामं चालली आहेत. नवे दिवे बसतील तिथं ते खाली वळलेले आणि पिवळसर असावेत, असा अर्ज दहा-वीस सह्यांनिशी आत्ताच गेला तर उपयोग. एकदा खांब उभे राहिले की कोणी हलवत नाही.

आता तुमच्या कामाचं. सभेत कायमचा निर्णय मागू नका, एक रात्र मागा. येत्या १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो, दरवर्षी याच सुमाराला. वर्षातल्या सगळ्यांत भरघोस वर्षावांपैकी हा एक. तिथी पंचांगात बघून घ्या, चंद्र मोठा असेल तर उल्का कमी दिसतील. मिथुन रात्री दहानंतर पूर्वेला चांगला वर येतो. "दहा ते बारा गच्चीचे दिवे बंद, जिना आणि गेट चालू, ज्यांना यायचं त्यांनी सतरंजी घेऊन यावं," अशी सूचना ग्रुपवर सूनबाईनं टाकली तर फार बरं. तुमच्या नावानं गेली तर मागचं उकरून निघेल. तिला विचारा, हुकूम करू नका.

त्या रात्री दिवे चालू असतानाच मुलांना कृत्तिकांचा पुंजका दाखवा. त्या वेळी जवळपास डोक्यावर असतो. किती चांदण्या मोजता येतात ते प्रत्येकाला कागदावर लिहायला लावा. मग दिवे घालवा आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबा. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि मध्ये कुणी मोबाइल उघडला तर पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर लाल पारदर्शक कागद रबरानं बांधून ठेवा, लाल उजेडानं डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. नंतर कृत्तिका पुन्हा मोजा. एका इमारतीचे दिवे गेल्यानं नाशिकचं सगळं आकाश काळं होणार नाही, पण डोळ्यांवर थेट येणारा झगमगाट गेला एवढ्यानंही आकडा बदलतो, आणि आपल्या हातानं लिहिलेला आकडा कोणी नाकारत नाही. पूर्वेला मृग, त्याच्या खाली व्याध, वर रोहिणी. उत्तरेला ध्रुव दाखवताना मुलांना हात लांब करून मूठ धरायला सांगा. क्षितिजापासून मुठीवर मूठ, दोन मुठी झाल्या की ध्रुव. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे आणि एक मूठ साधारण दहा अंशांची. मुलांना हे फार आवडतं.

बाज मात्र त्या वेळी दिसणार नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. तिच्यासाठी पुन्हा पहाटे उठावं लागेल. चेअरमनांची हरकत नसेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचार ते साडेपाच दिवे बंद ठेवा आणि नातीला घेऊन ईशान्येकडे तोंड करून बसा. आकाशगंगेची आस मात्र इथं धरू नका. ती पाथर्डी फाट्याहून दिसायची नाही. एप्रिलच्या सुट्टीत, अमावास्येच्या आसपास तिला दिंडोरीच्या घरी न्या. शेजारच्या मळ्यावर हॅलोजन असेल तर तासाभरासाठी बंद करायची विनंती करा, आणि पहाटे तीनच्या सुमाराला वृश्चिकाच्या शेपटीपासून वर बघायला सांगा.

गच्चीवर मोठी माणसं चार-पाचच आली तरी चालेल. शाल घ्या, गारठा असतो. आणि दहा वाजले की बोर्डापाशी तुम्ही जाऊ नका. चेअरमनांना हाक मारा आणि त्यांनाच म्हणा, "साहेब, दिवे मालवता का?"